रेडिंगची टाइप-एस बुशिंग डाय: .३०८ विंचेस्टरच्या पुंगळ्यांसाठी घ्यावी का?

न्यू यॉर्क राज्यातील कोर्टलँड येथील रेडिंग ही कंपनी १९४६ पासून काडतुसे भरण्याची अवजारे बनवते आहे. तिची ‘टाइप-एस’ फुल-लेंग्थ बुशिंग डाय, म्हणजे वापरलेली पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) दाबून पुन्हा मापात आणणारा साचा, अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांच्या प्रेसवर (हाताने चालवायच्या दाबयंत्रावर) बहुधा बसवलेली आढळते. मी ती .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी वापरतो आणि माझा नेम एफ-टी/आर या, पालथे झोपून लांब पल्ल्यावर नेम धरण्याच्या स्पर्धाप्रकारापुरता मर्यादित आहे. या प्रकारात .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच काडतुसे चालतात, बायपॉडसह (नळीखालच्या दोन पायांच्या टेकणीसह) रायफलचे वजन ८.२५ किलोच्या आत ठेवावे लागते, आणि १००० यार्डांवरच्या अमेरिकी निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ १० इंचांचे, तर त्याच्या पोटातले एक्सचे वर्तुळ अवघे ५ इंचांचे असते. इतक्या अंतरावर एका काडतुसाचे दुसऱ्याशी असलेले साम्य हेच निम्मे यश ठरते, आणि ते साम्य आणण्याची पहिली पायरी म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीला पुन्हा योग्य आकारात आणणे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही डाय उत्तम आहे, मात्र तिचा खरा फायदा ज्याच्याकडे पुंगळीचा खांदा (अंग मानेकडे निमुळते होते तो उतार) मोजण्याचे साधन आहे त्यालाच मिळतो. ते नसेल, तर साधी डाय घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत आधी ते साधन आणावे.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण हा छंद अमेरिकेतला आहे आणि वाचणारे सर्वच अमेरिकेत एकाच दर्जाने राहत नसतात. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. मात्र एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूकच काय, काडतूस बाळगण्यासही केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे काही अपवाद त्याला आहेत. आपल्या अनेक मंडळींना ही गोष्ट ठाऊक नसते आणि मित्राच्या गॅरेजमधला प्रेस पाहून त्यांना सहज हुरूप येतो. त्यांनी राज्याचा आणि केंद्राचा कायदा नीट पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. भारतात तर शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हाच आहे, त्यामुळे पुढचा मजकूर तिथल्या वाचकांनी केवळ माहितीसाठी वाचावा. कोल्हापूरने देशाला तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे रायफल नेमबाज दिले, पण त्यांच्या ५० मीटर प्रकारातले .२२ रिमफायर काडतूस एकदा उडाले की संपले. त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेले असते, बुडाच्या मध्यभागी बदलता येईल असा प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) नसतो, म्हणून पुनर्भरणाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

आता मूळ विषय. काडतुसाची पुंगळी ज्या पितळाची असते त्यात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकी उद्योगसंस्था ‘सामी’ने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. गोळी सुटताना या दाबाखाली पुंगळी चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला सर्व बाजूंनी चिकटते आणि गरम वायूला मागे येण्याची वाट बंद करते. दाब ओसरताच पितळ किंचित आक्रसते, आणि म्हणूनच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागे ओढल्यावर ती सहज बाहेर येते. बाहेर आलेली पुंगळी मात्र आता कारखान्यातून आली होती तशी राहिलेली नसते. तिची मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, रुंदावलेली असते, त्यामुळे नवी गोळी तिच्यात धरून राहत नाही. अंग फुगलेले असते. आणि खांदा पुढे सरकलेला असतो. डाय या तीनही गोष्टी दुरुस्त करते. तिन्ही दुरुस्त्या किती करायच्या, याचे नियंत्रण वापरणाऱ्याकडे किती आहे, यावरच कोणत्याही डायची परीक्षा करावी असे मला वाटते.

साध्या फुल-लेंग्थ डायमध्ये मानेवर असे नियंत्रण जवळपास नसते. तिच्या आतला मानेचा भाग कायमचा एकाच मापाचा असतो, आणि बाजारात मिळणारी पातळ भिंतीची पुंगळीदेखील गोळी घट्ट धरू शकेल, इतका तो मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. जाड भिंतीची पुंगळी त्यात घातली की मान गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते. नंतर पुंगळीला डायमध्ये वर-खाली नेणारा प्रेसचा दट्ट्या खाली येताना डायच्या मधल्या दांड्यावरचा एक्स्पांडरचा गोळा त्याच मानेतून ओढला जातो आणि ती पुन्हा रुंद करतो. म्हणजे आधी नको इतके आवळायचे आणि मग सैल करायचे. पितळ असे दोन्ही दिशांनी वाकवले की ते कठीण होत जाते, आणि कठीण झालेली मान चार-सहा वापरांनंतर चिरू लागते. शिवाय हा गोळा कोरड्या मानेतून करकरत बाहेर येत असेल, तर तो मान किंचित तिरकी करतो आणि खांदाही पुढे खेचतो. काडतूस भरून झाल्यावर ते रनआउट (गोळीचा तिरकेपणा) मोजण्याच्या उपकरणावर फिरवले की गोळीचे टोक डोलताना दिसते. बहुतेक वेळा त्याचे मूळ या ओढाताणीत असते.

टाइप-एस डायने हा मानेचा कायमचा भाग काढून टाकला आहे. त्याच्या जागी डायच्या वरच्या अंगात एक सुटी कडी बसते, तिलाच बुशिंग म्हणतात, आणि ती एक-एक हजारांश इंचाच्या फरकाने विकत मिळते. अंग आणि खांदा डाय स्वतः दाबते, मान मात्र आपण निवडलेल्या कडीइतकीच दाबली जाते. डायसोबत दांडा येतो आणि त्यावर एक्स्पांडरचा गोळा असतो, पण तो नको असेल तर त्याऐवजी केवळ जुना प्रायमर काढणारी पिन धरून ठेवणारा लहान भागही सोबत दिलेला असतो. बुशिंग मात्र वेगळी विकत घ्यावी लागते, आणि पहिल्यांदा घेणारे लोक इथे हमखास फसतात. खोके घरी येते, उघडले जाते, आणि मानेच्या जागी पोकळी दिसते. पुंगळी कोणत्या कंपनीची आहे यावर कडीचे माप ठरत असल्यामुळे ती खोक्यात न देण्यामागचे कारण पटण्यासारखे आहे, तरी खिशाला लागणारी ही दुसरी चाट आधीच हिशेबात धरावी.

माप कसे निवडावे याचे गणित सोपे आहे. आपल्याच पुंगळीत आपल्याच गोळीने भरलेले एखादे काडतूस घ्यावे आणि मानेचा बाहेरचा व्यास मोजावा. मानेची भिंत ०.०१५ इंच जाड असेल, तर दोन्ही बाजूंचे मिळून ०.०३० आणि गोळीचे ०.३०८, असे एकूण ०.३३८ इंच भरतात. त्यातून दोन हजारांश वजा केले की ०.३३६ ची बुशिंग येते; गोळी धरून ठेवण्यासाठी बोल्ट-रायफलमध्ये एवढी पकड पुरेशी असते. एक्स्पांडर वापरायचा असेल, तर त्याला काम करण्यासाठी थोडे पितळ हवे, म्हणून आणखी एक हजारांश लहान कडी घ्यावी. पितळ दाबल्यानंतर थोडे परत उसळते आणि जुने, कठीण झालेले पितळ नव्यापेक्षा जास्त उसळते. त्यामुळे गणिताने आलेल्या मापाची एक आणि त्याहून एक हजारांश लहान अशी दुसरी, अशा दोन बुशिंग एकाच वेळी मागवणे शहाणपणाचे ठरते. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप दिलेली बुशिंग साध्या पोलादी बुशिंगपेक्षा महाग असते. ती मानेवरून सुळकन सरकते हे खरे असले, तरी मानेला बाहेरून नावापुरते वंगण लावण्याची सवय असणाऱ्याला साधी पोलादी पुरते.

बुशिंग बसवताना वरचा दांडा घट्ट आवळण्याचा मोह टाळला पाहिजे. कडीला वर-खाली आणि बाजूला किंचित हालचाल करता आली, तर ती मानेवर स्वतःला मधोमध आणून घेते. डाय कानाजवळ धरून हलवली असता आत हलकासा खुळखुळ ऐकू आला, म्हणजे ती बरोबर बसली. दुसरी एक मर्यादा रचनेतच आहे. कडीच्या तोंडाला आत शिरण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे मानेचा खांद्यालगतचा थोडा भाग न दाबलेलाच राहतो. मला ही मर्यादा त्रासदायक वाटत नाही. काहींच्या मते तर हा जरासा रुंद राहिलेला पट्टा काडतुसाला चेंबरमध्ये मध्यभागी राखण्यास मदत करतो. मात्र खूप वेळा वापरलेल्या पुंगळीत नेमक्या याच सांध्यापाशी आतून पितळाचे कडे साचते, आणि गोळीचे बूड तिथवर जात असेल तर ती दर वेळी वेगळ्या जोराने बसते. त्यावर उपाय म्हणजे आतून रीमर (कातणारे अवजार) फिरवणे किंवा गोळीच इतकी खोल न बसवणे. बुशिंग डाय ते कडे काढत नाही.

या डायचा सर्वांत मोठा दोष दाखवायचा झाला, तर तो दोष वास्तविक पुंगळीचा असतो, पण उघडा पडतो डायमुळे. बुशिंग मान बाहेरून दाबते. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसेल, तर बाहेरचा व्यास अचूक येतो आणि जाडीतला सारा फरक आत ढकलला जातो, म्हणजे नेमका तिथे, जिथे गोळी बसायची असते. स्वस्तातल्या मिश्र पुंगळ्या घेऊन बुशिंग डायकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांची निराशा इथेच होते. मानेची जाडी बाहेरून कातून सारखी करणे हा त्यावरचा रीतसर उपाय आहे, पण ते काम वेळखाऊ आहे आणि सर्वांनाच मानवत नाही. मधला मार्ग असा, की बुशिंगने मान गरजेपेक्षा एक-दोन हजारांश अधिक आवळावी आणि नंतर वेगळ्या डायमध्ये बसवलेला ०.३०६ इंचाचा मॅन्ड्रेल (गुळगुळीत गोल दांडा) वरून खाली आत घालावा. एक्स्पांडरचा गोळा मान ओढत बाहेर येतो. मॅन्ड्रेल ती दाबत आत जातो, आणि त्या वेळी पुंगळीचे बूड शेलहोल्डरवर (दट्ट्याच्या टोकावर बूड धरणाऱ्या तुकड्यावर) टेकलेले असल्यामुळे मान तिरकी होण्याची शक्यता बरीच कमी होते. जाडीतला फरक यामुळे पुन्हा बाहेरच्या बाजूला जातो आणि आतला व्यास गोळीला हवा तसा सारखा मिळतो. मी हीच पद्धत स्वीकारली आहे आणि डायमधला मूळ एक्स्पांडर खोक्यातच ठेवला आहे.

इथे विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डच्या ली प्रिसिजन कंपनीच्या कॉलेट डायचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल, कारण किमतीने ती पुष्कळच खाली आहे आणि मानेच्या बाबतीत तिची कल्पना फार हुशारीची आहे. तिच्यात फाटे पाडलेला एक कॉलेट मानेला चारही बाजूंनी आतल्या मॅन्ड्रेलवर दाबतो. मान कशावरूनही घासली किंवा ओढली जात नाही, वंगण लागत नाही, आणि आतला व्यास थेट मॅन्ड्रेलवरूनच ठरतो. तिच्यासाठी पुंगळीशिवाय दट्ट्या पूर्ण वर नेऊ नये ही एक काळजी घ्यावी लागते, नाहीतर कॉलेटचे फाटे मिटून बसतात. परंतु ती केवळ मान दाबते. अंगाला आणि खांद्याला ती हातही लावत नाही. काही वापरांनंतर पुंगळी चेंबरमध्ये घट्ट होऊ लागते, बोल्ट जोर लावून मिटावा लागतो, आणि मग फुल-लेंग्थ डाय किंवा मान सोडून फक्त अंग दाबणारी बॉडी डाय घ्यावीच लागते. ज्याला सावकाश, दोन टप्प्यांत काम करायला हरकत नाही आणि पैसे जपून खर्चायचे आहेत, त्याने कॉलेट डाय आणि बॉडी डाय ही जोडी अवश्य विचारात घ्यावी. स्पर्धेसाठी एका बैठकीत शेकड्यांनी पुंगळ्या काढायच्या असतात तेव्हा मला टाइप-एस सोयीची वाटते, कारण एकाच झटक्यात अंग, खांदा आणि मान तिन्ही होतात.

मानेवर इतके लिहिले, तरी अचूकतेला आणि सुरक्षिततेला खरा धोका असतो तो खांद्यापाशी, आणि तिथे कोणतीही महागडी डाय स्वतःहून शहाणी नसते. .३०८ विंचेस्टरच्या चेंबरचे हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या ०.४०० इंच व्यासाच्या वर्तुळापर्यंतचे अंतर, सामीच्या मापांनुसार १.६३० ते १.६४० इंच असू शकते, तर काडतुसाचे तेच माप १.६२७ ते १.६३४ इंच. लहानात लहान काडतूस आणि मोठ्यात मोठे चेंबर एकत्र आले, तर त्यात तेरा हजारांशांची फट उरते. प्रत्येक वेळी खांदा इतका मागे ढकलला, की गोळी सुटताना पुंगळीची मान आणि पुढचा भाग चेंबरला चिकटून राहतो, बूड मागे बोल्टवर आदळते, आणि ताण बुडाच्या थोड्या वरच्या भिंतीवर येतो. तिथली भिंत दर वापराला पातळ होत जाते, बाहेरून एक चकचकीत वलय दिसू लागते, आणि अखेर पुंगळी त्याच रेषेवर दोन तुकडे होते. वलय दिसले की सरळ केलेल्या पेपर-क्लिपचे टोक किंचित वाकवून आतल्या भिंतीवरून वर ओढावे. खाच लागली तर ती पुंगळी आणि तिच्याबरोबरची सगळी तुकडी भंगारात टाकावी. यात कंजुषी परवडत नाही.

डायसोबतच्या सूचनांत सर्वसाधारणपणे असे सांगितलेले असते, की डाय शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली आणावी आणि मग आणखी अष्टमांश ते पाव फेरी आवळावी. या सूचनेमुळे काडतूस कोणत्याही रायफलमध्ये शिरेल हे नक्की होते, पण आपल्या रायफलसाठी ती बहुधा अतिरेकी ठरते. डायचे आटे एका इंचात चौदा असतात, म्हणजे एका पूर्ण फेरीला डाय ०.०७१ इंच खाली जाते. अष्टमांश फेरी म्हणजे जवळपास नऊ हजारांश, आणि केवळ दहा अंश फिरवले तरी दोन हजारांशांचा फरक पडतो. बोल्ट-रायफलसाठी खांदा एक ते दोन हजारांश, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर, मागे नेणे पुरते. हाताच्या अंदाजाने हे साधणे म्हणजे तारेवरची कसरत आहे. म्हणूनच हॉर्नडीच्या हेडस्पेस गेजसारखे कॅलिपरवर बसणारे साधन डायच्या आधी घ्यावे, असे मी सुरुवातीला म्हटले. त्यातली ०.४०० ची कडी .३०८ ला लागते. या साधनाने येणारा आकडा कारखान्याच्या मापाशी ताडून पाहायचा नसतो; आपल्याच रायफलमधून उडालेली पुंगळी आणि डायमधून निघालेली पुंगळी यांतला फरक तेवढा पाहायचा असतो. मोजण्यापूर्वी जुना प्रायमर काढावा, कारण त्याच्या खड्ड्याभोवतीचा उंचवटा आकडा बिघडवतो, आणि पाया म्हणून दोन-तीनदा उडालेली पुंगळी घ्यावी, कारण पहिल्या वापरात पितळ चेंबरच्या मापापर्यंत पूर्ण पोचतेच असे नाही.

डाय हळूहळू खाली आणत मोजत गेले, की एक चमत्कारिक गोष्ट दिसते आणि नवशिके तिथे गोंधळतात. सुरुवातीला खांदा मागे जाण्याऐवजी पुढेच जातो. उडालेल्या पुंगळीपेक्षा डायमधून निघालेली पुंगळी दोन-चार हजारांश लांब भरते, आणि बोल्ट मिटायला नकार देतो. कारण साधे आहे. अंग बाजूंनी आवळले गेल्यावर पितळाला जाण्यासाठी लांबीची दिशा उरते, आणि डायचा खांदा अजून पुंगळीच्या खांद्याला टेकलेला नसतो. आणखी थोडे खाली गेले की तो टेकतो आणि मग खांदा मागे येऊ लागतो. तेव्हा ‘इतकी आवळूनही डाय काम करत नाही’ असे म्हणून ती परत करण्यापूर्वी आणखी दहा-वीस अंश धीर धरावा.

या समायोजनासाठी रेडिंगच्याच ‘कॉम्पिटिशन शेलहोल्डर’ संचाची शिफारस मी डायपेक्षाही अधिक ठामपणे करीन. त्यात पाच शेलहोल्डर येतात आणि ते पुंगळीला नेहमीपेक्षा अनुक्रमे दोन, चार, सहा, आठ आणि दहा हजारांश कमी आत जाऊ देतात. डाय शेलहोल्डरला घट्ट टेकवून कायमची लॉक करायची आणि खांदा कमी-जास्त करण्यासाठी फक्त शेलहोल्डर बदलायचा, अशी ती रचना आहे. सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात करून एक-एक पायरी खाली यावे. डाय आणि शेलहोल्डर यांच्यात फट ठेवून काम केले, तर प्रेसचे वाकणे, वंगणाचे कमी-जास्त प्रमाण आणि पितळाचा कठीणपणा या सगळ्यांचा परिणाम त्या फटीत मिसळतो आणि एकाच तुकडीत खांदे दोन-तीन हजारांशांनी वेगळे निघतात. घट्ट टेकवले की हा फरक लक्षात येईल इतका कमी होतो. दट्ट्या वरच्या टोकाला दोन-तीन सेकंद थांबवण्याची सवयही तो कमी करायला मदत करते. हा संच इतर कंपन्यांच्या नेहमीच्या डायखालीही चालतो, त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी साधी डाय आहे त्यांनी आधी हा घ्यावा आणि नंतर टाइप-एसचा विचार करावा. इतके करूनही खांदे विखुरलेले येत असतील, तर पितळ कठीण झाले आहे असे समजावे आणि मान व खांदा तापवून मऊ करून घ्यावेत. पुंगळीचे बूड मात्र कधीही तापवू नये, कारण दाब पेलायचा तो भाग कठीणच राहायला हवा.

वंगणाबाबत ही डाय इतर फुल-लेंग्थ डायपेक्षा वेगळी नाही. कोरडी पुंगळी आत घातली तर ती आतच अडकते, दट्ट्या खाली ओढताना शेलहोल्डर बुडाची कडा फाडून मोकळा होतो, आणि मग बुडाला भोक पाडून, आत आटे पाडून, स्क्रूने ती उपसून काढण्याची वेळ येते. फवाऱ्याचे वंगण वापरल्यास त्यातला द्रव पूर्ण उडून जाईपर्यंत थांबणे अगत्याचे आहे, कारण अडकण्याच्या बहुतेक कहाण्यांमागे ही घाई असते. माझी पसंती इम्पीरियल मेणाला आहे. कपाळाला गंध लावताना बोटावर घेतो तितकेच मेण दोन-तीन पुंगळ्यांना पुरते; ते अंगावर, विशेषतः बुडाकडच्या अर्ध्या भागावर, फिरवावे आणि खांदा टाळावा. खांद्यावर जास्त झालेले वंगण दाबले जात नाही, ते पितळातच खळगा पाडते. लहान खळगा पुढच्या वापरात भरून निघतो, तरी शेकडाभर पुंगळ्यांवर असे खळगे बघणे कोणालाही आवडत नाही. पुंगळ्या डायमध्ये घालण्यापूर्वी स्वच्छ केलेल्या असाव्यात, कारण वाळूचा एखादा कण डायच्या आत कायमचा ओरखडा पाडतो आणि त्यानंतरची प्रत्येक पुंगळी तो ओरखडा घेऊनच बाहेर येते. प्रायमरच्या काजळीत शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. डायमधून काढल्यावर पुंगळीची लांबी मोजावी, ती २.०१५ इंचांच्या पुढे गेली असेल तर कापून २.००५ वर आणावी, आणि हे काम आधी नव्हे, नंतरच करावे, कारण दाबताना लांबी वाढते.

कोणी घेऊ नये हेही सांगितले पाहिजे. एआर-१० किंवा एम-१४ जातीच्या अर्धस्वयंचलित रायफलसाठी ही डाय चालते, परंतु तिथे खांदा तीन ते पाच हजारांश मागे हवा असतो, गोळीवरची पकड अधिक घट्ट लागते, आणि कधीकधी अंग आणखी आवळणारी स्मॉल-बेस डाय वापरावी लागते. मानेच्या एका हजारांशाची चैन त्यात वाया जाते. लष्करी ७.६२ च्या (.३०८ च्या लष्करी जोडीदाराच्या) गोळा केलेल्या पुंगळ्या भरणाऱ्यांनीही तिच्यासाठी हात सैल सोडू नये. त्या अनेकदा मशीनगनच्या ऐसपैस चेंबरमधून आलेल्या असतात, त्यांच्या प्रायमरभोवती क्रिंप (पितळ आत दाबून केलेली पकड) असतो, आणि भिंतींची जाडी तुकडीगणिक बदलते. शिकारीसाठी वर्षाकाठी दोन-तीन डबे काडतुसे भरणाऱ्याला साध्या डायने भरलेले काडतूस आणि हिने भरलेले काडतूस यांतला फरक हरणापर्यंत पोचताना जाणवणार नाही. एकाच कंपनीच्या, एकाच तुकडीच्या शंभर-दोनशे चांगल्या पुंगळ्या, बोल्ट-रायफल आणि कॅलिपर हाताशी असलेल्या स्पर्धकाने मात्र ही डाय, दोन बुशिंग आणि शेलहोल्डरचा संच एकत्र घ्यावा, आणि बुशिंगचे माप दुकानदाराला विचारून नव्हे, तर स्वतःच्या भरलेल्या काडतुसाची मान मोजूनच मागवावे.